टपालपेटीवरचे नाव

बडोद्यातील एका राष्ट्रीयीकृत बँकेत आम्ही अडतीस वर्षे काढली. १९८२ साली कारकून म्हणून शिरलो आणि २०२० साली शाखा-व्यवस्थापक म्हणून बाहेर पडलो. त्यामुळे खाते कुठे उघडावे, कोणते उघडावे, त्यात काय पाहावे याविषयी लोक आम्हांला विचारीत आले आणि आम्हीही न विचारता सांगत आलो. अशा माणसाच्या घरातून धाकटी कन्या २०२४ साली शिक्षणासाठी जर्मनीतील गॉटिंगेनला निघाली, तेव्हा तिच्या तेथील खात्याचा प्रश्न आमच्या खात्यातला, असे आम्ही गृहीत धरले. तिने ते गृहीत धरले नव्हते.

गॉटिंगेन हे नाव आपल्या वाचकांना अगदीच परके नसावे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवून गेलेले आणि पतंजलीचे महाभाष्य संपादणारे फ्रान्झ कीलहॉर्न पुढे तेथेच प्राध्यापक होते. आम्ही मोठ्या उत्साहाने हे कन्येला सांगितले. तिने शांतपणे विचारले, "त्यांचे खाते कोणत्या बँकेत होते, ते ठाऊक आहे का बाबा?" असो.

जर्मनीला शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यास व्हिसा मिळण्यापूर्वीच वर्षभराच्या निर्वाहाची सोय दाखवावी लागते. त्याचा रूढ मार्ग म्हणजे 'श्पेअरकोंटो', आपल्या भाषेत कुलूपबंद खाते. आमच्या कन्येने अर्ज केला त्या वेळी त्यात ११,२०८ युरो भरावे लागत; १ सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ झाली. आमचे सुमारे दहा लाख रुपये त्यात गेले. पैसे आपले, नाव आपले, पण किल्ली दुसऱ्याकडे. दरमहा ९३४ युरो मोकळे होणार, आणि तेही हातात मिळणार नाहीत. विद्यार्थ्याने जर्मनीत पोचून स्वतःच्या नावाचे चालू खाते उघडायचे, त्याचा बावीस अक्षर-अंकांचा क्रमांक कळवायचा, मग त्या खात्यात ते येणार. थोडक्यात, आपलेच पैसे आपल्याला मिळण्यासाठी आधी खाते हवे.

खाते हवे तर पत्ता हवा. केवळ पत्ता सांगून चालत नाही. नव्या घरी राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात जाऊन आपली नोंद करायची असते, आणि त्या नोंदीसाठी 'हा मनुष्य माझ्या घरी राहावयास आला आहे' असे घरमालकाचे लेखी निवेदन लागते. घर हवे तर भाडे हवे, आणि भाडे बहुधा रोख घेत नाहीत, खात्यातूनच मागतात. शिवाय घरमालक 'शूफा'चा दाखला मागतो. ही १९२७ साली बर्लिनमध्ये निघालेली, कोण कर्ज फेडतो आणि कोण बुडवतो याची नोंद ठेवणारी संस्था. नुकत्याच उतरलेल्या मुलीने तेथे ना कर्ज घेतलेले असते ना फेडलेले. तिची नोंद कोरी. कोऱ्या पाटीला आपण निष्कलंक म्हणतो, घरमालक तिला अनोळखी म्हणतो.

या चक्रात शिरायचे कुठून, यावर निघण्याआधी आमच्या घरी तीन रात्री खल झाला. कन्येचे मत असे की, फोनवर चालणारी, शाखा नसलेली बँक घ्यावी. खाते काही मिनिटांत होते, महिन्याचे शुल्क नाही, सर्व व्यवहार इंग्रजीत, आणि ओळख पटवायची तर कॅमेऱ्यासमोर पासपोर्ट तिरका करून दाखवला की झाले. आमचे मत जुनेच. ज्या बँकेला दार आहे ती बँक. दार असले म्हणजे अडचणीच्या वेळी ते ठोठावता येते. शिवाय गॉटिंगेनला १८०१ साली नगरपालिकेच्या आधाराने बचतबँक निघाली आणि अशा नगर-बचतबँकांपैकी ती पहिली मानली जाते, ही माहिती आम्ही मोठ्या विजयाने काढली होती. आमच्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी बँक काढली ती १९०८ साली, म्हणजे एकशे सात वर्षांनी. कन्येच्या आईने एवढेच म्हटले, "ती ज्या रस्त्यावर राहील, तिथून जवळ असेल ती घ्यावी." तिच्याकडे आम्ही दोघांनीही लक्ष दिले नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा आम्ही काढला, तोही टिकला नाही. युरोपीय संघात कोणत्याही बँकेतील ठेवीला, बँकेस शाखा असो वा नसो, ठेवीदारामागे एक लाख युरोपर्यंत संरक्षण आहे. आपल्याकडे ते ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपये आहे. "माझ्याकडे एक लाख युरो झाले की मी दार असलेली बँक पाहीन," असे म्हणून कन्येने विषय संपवला.

सप्टेंबरच्या अखेरीस ती पोचली. एका विद्यार्थिनीच्या भाड्याच्या घरातील एक खोली तिला डिसेंबरपर्यंत पोटभाड्याने मिळाली. घरमालकाचे निवेदन मिळायला दहा दिवस गेले, नगर कार्यालयातील नोंद झाली, फोनवरच्या बँकेत खाते उघडले, क्रमांक मिळाला, तो कुलूपबंद खात्याकडे गेला आणि पहिले ९३४ युरो जमा झाल्याचा संदेश आला. आम्ही मनातल्या मनात हार मानली. आता फक्त कार्ड आणि त्याचा गुप्त क्रमांक टपालाने यायचा होता, दोन वेगवेगळ्या पाकिटांतून. ही पद्धत आम्हांला पसंत पडली. आमच्या बँकेतही तसेच असे.

पाकिटे आली नाहीत. आठवडा गेला, दुसरा गेला. बँकेने पुन्हा पाठवली, तीही आली नाहीत. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी तिने फोन उघडला तर खाते गोठलेले. पाठवलेले टपाल दोनदा परत आले, सबब आपला पत्ता खात्रीचा नाही, असा संदेश. त्या बँकेचे नाव येथे लिहीत नाही. तिने आपल्या नियमाप्रमाणेच केले असावे. पण दाद मागायला दार नव्हते, फोनवर एक यंत्र गोड आवाजात थांबायला सांगे, आणि महिन्याचे पैसे आत अडकलेले. फॉरेक्स कार्डावर नेलेले युरो अनामत रकमेत गेले होते. नोव्हेंबरचे भाडे द्यायचे होते. आरोग्यविम्याचा सव्वाशे युरोंच्या आसपासचा हप्ता यायचा होता.

टपाल का परत जात होते, हे कळायला आणखी चार दिवस लागले. ते तिला बँकेने सांगितले नाही, खालच्या मजल्यावरच्या एका वृद्ध बाईंनी सांगितले. जर्मनीत एका इमारतीत दहा बिऱ्हाडे असली तरी पत्त्यात बहुधा घराचा क्रमांक नसतो. इमारतीचा क्रमांक असतो, आणि दारातल्या टपालपेट्यांवर नावे असतात. पाकिटावरचे नाव पेटीवर नसेल तर टपालवाला ते टाकीत नाही, परत नेतो. पेटीवर मूळ भाडेकरू मुलीचे नाव होते, आमच्या कन्येचे नव्हते. ती पाच आठवडे त्या घरात राहत होती, नगर कार्यालयात तिची रीतसर नोंद होती, विद्यापीठाच्या यादीत ती होती. पण टपालवाल्याच्या लेखी ती तेथे नव्हती. नगर-नोंदीनंतर केंद्रीय कर-कार्यालयाकडून जो कायमचा कर-क्रमांक टपालाने येतो, तोही याच पेटीवरून परत गेला असणार, हे मग ध्यानात आले.

आम्ही दांडिया बाजारच्या वाड्यात वाढलो. आमच्या दारावर पणजोबांच्या नावाची पाटी होती, ते जाऊन चाळीस वर्षे झाल्यावरही. 'मराठे, दांडिया बाजार' एवढ्यावर पत्रे येत, आणि त्यातले कोणते कोणत्या काकांचे हे पोस्टमन अक्षरावरून ओळखी. अशा घरातल्या माणसाला, कागदाची एक चिठ्ठी न चिकटवल्यामुळे आपली मुलगी परगावी उपाशी राहू शकते, हे समजायला वेळ लागतो.

ती उपाशी राहिली नाही, त्याचे कारण पुढे सांगतो. पण त्या रात्री झोप आली नाही, आणि आठवले ते भलतेच.

१९९१-९२ च्या सुमारास आम्ही मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीजवळील शाखेत होतो. एके दिवशी एक बिहारी कामगार काउंटरवर आला. रुमालाच्या गाठीत चार हजार रुपये होते. एका खोलीत आठ जण राहत, पैसे ठेवायला जागा नव्हती, म्हणून खाते हवे होते. त्या काळी खाते उघडण्यासाठी ओळख देणारा लागे, म्हणजे त्याच शाखेतला एखादा जुना खातेदार, जो अर्जावर सही करील की, या गृहस्थाला मी ओळखतो. आम्ही त्यास विचारले, तुला येथे कोण ओळखतो? तो म्हणाला, "साहब, कोई पहचानवाला होता तो पैसा उसी के पास न रख देते?" काउंटरच्या मागे सगळे हसलो. आम्हीही हसलो. आणि अर्ज परत दिला. वास्तविक कर्मचारी या नात्याने आमचे स्वतःचे खाते त्याच शाखेत होते. ओळख देणारा म्हणून आम्हांला सही करता आली असती, आमचे एक ज्येष्ठ सहकारी अशा लोकांसाठी करीतही असत. आम्ही केली नाही. उद्या काही घोटाळा झाला तर, हा विचार. तो रुमाल पुन्हा बांधून गेला. त्याच्या पैशांचे पुढे काय झाले, आम्हांला ठाऊक नाही. तेहतीस वर्षांत त्याची आठवण आली होती असे म्हणणे खोटे होईल.

गॉटिंगेनच्या त्या खालच्या मजल्यावरच्या बाईंनी कन्येला कागदाची पट्टी आणि चिकटपट्टी दिली. पेटीवर नाव लागले. मग त्याच बाई तिला म्हणाल्या की, मी उद्या बाजारात जाताना बचतबँकेवरून जाणार आहे, तू चल. पत्नीने सांगितलेली 'जवळची बँक' ती हीच. काउंटरवर आठवड्याने येण्याची वेळ मिळाली. त्या दिवशी पासपोर्ट, नगर-नोंदीचा दाखला आणि विद्यापीठाचे प्रवेशपत्र पाहून अर्ध्या तासात खाते झाले. विद्यार्थी म्हणून शुल्क लागले नाही. शिक्षण संपल्यावर दरमहा काही युरो लागतील. कार्ड टपालाने आले आणि या वेळी पेटीत पडले.

कन्येने त्या भेटीत एक गोष्ट विचारून घेतली, ती आम्हांला फार मोलाची वाटली. खाते नाकारले असते तर काय? तर, जून २०१६ पासून जर्मनीत कायदाच आहे की, युरोपीय संघात वैधपणे राहणाऱ्या कोणासही, निराधारास किंवा आश्रय मागणाऱ्यासही, मूलभूत खाते मागण्याचा हक्क आहे, आणि बँकेने अर्ज मिळाल्यापासून दहा कामकाजी दिवसांच्या आत त्याचा निकाल लावला पाहिजे. आपल्याकडे २०१४ च्या ऑगस्टात जनधन खाती निघाली, त्यामागील कल्पना याच जातीची. त्या बिहारी गृहस्थास बावीस-तेवीस वर्षे थांबावे लागले असते.

फोनवरच्या बँकेचे खाते डिसेंबरात मोकळे झाले. आमची अपेक्षा होती की, ते आता बंद होईल. तिने दोन्ही ठेवली. "बाबा, भाडे, विमा, कुलूपबंद खात्याचे पैसे दाराच्या बँकेत, प्रवास आणि खरेदी फोनच्या बँकेत," असा तिने निकाल दिला, आणि तो आमच्या अडतीस वर्षांच्या अनुभवाला पटला, हे कबूल करतो. कारण बारकावे तिनेच शोधले होते. काही दुकानांत तेथील देशी 'गिरोकार्ड'च चालते, बाहेरचे नाही. काही बेकऱ्यांत रोखीशिवाय काहीच चालत नाही. रोख काढायची तर आपल्या बँकेच्या गटाचेच यंत्र गाठावे, नाहीतर चार-पाच युरो जातात. खाते-क्रमांक दुसऱ्या युरोपीय देशाचा असला तरी तो नाकारता येत नाही असा २०१२ चा युरोपीय नियम आहे, पण घरमालकाला नियम समजावत बसण्यापेक्षा जर्मनीचाच क्रमांक असलेला बरा. आणि आमच्या बँकरी मनाला सर्वांत भावलेले हे की, परस्पर वजा झालेली रक्कम खातेदारास आठ आठवड्यांच्या आत, कारण न सांगता, परत मागवता येते. आमच्या काळी अशी सोय असती तर आमच्या काउंटरवरचे निम्मे भांडण वाचले असते.

आता ती उपाशी का राहिली नाही, ते.

२००८ साली, कन्या आठ वर्षांची असताना, आमच्या आईने तिच्या वाढदिवसाचे पाचशे एक रुपये देऊन तिचे बचतखाते आमच्याच शाखेत उघडवले. पालक म्हणून सही आमची. अठराव्या वर्षी तिची सही नोंदली गेली, खाते तिच्या एकटीच्या नावाचे झाले. वर्षाला चार-दोन नोंदी. दिवाळी, वाढदिवस, आजी असेपर्यंत संक्रांत. पासबुकाची पाने संपेनात, म्हणून पासबुकही तेच राहिले. या खात्याचे कार्ड तिच्या पर्समध्ये होते. खाते गोठल्याचे कळताच आम्ही त्यात पन्नास हजार भरले आणि तिने गॉटिंगेनच्या यंत्रातून युरो काढले. रूपांतरापोटी साडेतीन टक्क्यांच्या आसपास गेले, पण भाडे वेळेवर पोचले. आजीचे खाते कामास आले, हे आम्ही भेटेल त्याला सांगत होतो.

सांगत नव्हतो ते हे, की ते खाते त्या दिवशी त्या स्वरूपात असायलाच नको होते. परकीय चलनाचा जो कायदा १ जून २००० पासून लागू आहे, त्यानुसार देश सोडून गेलेल्याचे साधे बचतखाते चालू ठेवता येत नाही. ते अनिवासी, म्हणजे 'एनआरओ', करून घ्यावे लागते. परदेशी शिकणारे विद्यार्थीही अनिवासीच, हे रिझर्व्ह बँकेने २००३ सालीच स्पष्ट केले. परदेशी कमाई इकडे ठेवायची तर 'एनआरई' वेगळे. त्याचे व्याज येथे करमुक्त, आणि मुद्दल व व्याज हवे तेव्हा परत नेता येते. 'एनआरओ'चे व्याज मात्र करपात्र आणि बाहेर नेण्याला वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा. ती आमच्यासारख्यांना जाचेल असे नाही. हे सारे आम्हांला पाठ होते. न्यू जर्सीला, दुबईला, मस्कतला गेलेल्या किती मुलांच्या आईबापांना समोर बसवून आम्ही तो फॉर्म भरून घेतला! काही आया 'निवासी'वर काट मारताना थबकत. आम्ही म्हणत असू, बेन, हा तर नुसता कागद आहे.

आमच्या घरातला तो कागद सात महिने टेबलाच्या खणात पडून होता. निघताना घाई होती; मग सही टपालाने मागवायची होती; मग ते पन्नास हजारांचे प्रकरण झाले आणि वाटले, अडीअडचणीला असलेले बरे. कारणे आम्हांला कमी पडली नाहीत.

२०२५ च्या मेमध्ये तिला बँकेचा संदेश गेला की, आपली माहिती अद्ययावत करा. रात्री फोन आला.

"बाबा, हे खाते अजून निवासीच कसे? तुम्ही जाण्याआधीच फॉर्म आणला होता ना?"

आणला होता, असे आम्ही म्हणालो.

"मग?"

राहून गेले, असे आम्ही म्हणालो.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुम्ही फॉर्म दिला नाहीत म्हणजे मी गेले नाही, असं होतं का?" आवाज चिडलेला नव्हता. तो असता तर आम्हांला सोपे गेले असते. आम्ही व्याजाविषयी, कराविषयी काहीतरी सांगू लागलो. तिने ते ऐकून घेतले, आणि नियम मोडल्याचा ठपका आपल्या नावावर येईल, तुमच्या नाही, एवढे लक्षात आणून दिले. ते खरे होते. चौतीस वर्षांपूर्वी घोटाळ्याच्या भीतीने एका परक्याला परत पाठवणाऱ्या माणसाने स्वतःच्या मुलीला मात्र घोटाळ्यात ठेवले होते.

तिने सही केलेला फॉर्म आणि आवश्यक त्या प्रमाणित प्रती पंधरा दिवसांत आल्या. आम्ही शाखेत गेलो. समोरचा अधिकारी आमच्या हाताखाली शिकलेला, त्याने उठून खुर्ची दिली, चहा सांगितला आणि फॉर्म पुढे ओढून म्हणाला, "साहेब, परदेशातला पत्ता रिकामा आहे." तेव्हा ती विद्यार्थी-वसतिगृहात राहायला गेली होती. आम्ही खिशातून तिचे पाकीट काढून, मागच्या बाजूचा पत्ता पाहून लिहिला. पेटीवर नाव आहे ना, हे रात्री पुन्हा एकदा विचारून घेतले होते.

"आणि जुने पासबुक जमा करावे लागेल," तो म्हणाला. आम्ही ते दिले. पहिल्या पानावर पाचशे एक रुपयांची नोंद आणि 'पालक' या शब्दापुढे आमची सही. त्याने ते पाहिले, शिपायाला कात्री आणायला सांगितली, पासबुकाचा कोपरा कापला, आतल्या पानावर शिक्का मारला आणि ते आम्हांला परत दिले.